मान खाली घातलेली बाई

तीन वेळा नापास झाली की पोरगी घरी, असा सरळ नियम होता. तामेश्वरी दोनदा नापास झालेली होती आणि तिसरी खेप शनिवारी होती. तिच्या कागदावर सही करणाऱ्या दोघींपैकी एक मी. म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर सारा जन्म नर्सिंग केलेल्या बाईनं दिवाळी अंकात लिहावं तरी काय? सलाईन कसं लावतात ते?

रिटायर होऊन मी घरी बसले, तर वर्षभरात कंटाळले ते वंदनाचे बाबा. वंदना आमची मुलगी, आणि तिचे बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटच्या रेलमिलमधून माझ्याआधीच रिटायर झालेले. एक दिवस चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाले, "तू घरात वार्डासारखी फिरून राहिली. सकाळ-संध्याकाळ माझं बीपी पाहते, साखर चमच्यानं मोजून देते. कुठं तरी जाय बाई, मले जगू दे." माणूस बोलला ते खोटं नव्हतं. दुर्गच्या रस्त्यावर एक नवं खाजगी हॉस्पिटल झालं होतं. नव्यानं भरती केलेल्या नर्सांना तयार करायला त्यांना एखादी जुनी सिस्टर हवी होती. मी गेले.

मला वाटलं, वार्डात उभं करतील. त्यांनी नेलं एका रिकाम्या खोलीत. खाट नाही, पेशंट नाही, डेटॉलचा वास नाही. जमिनीवर पांढऱ्या पट्टीचा चौकोन आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. या खोलीचं नाव सिम्युलेशन लॅब. इथं पोरगी डोळ्यांवर एक जाडजूड व्हीआर हेडसेट बांधते, दोन्ही हातांत एकेक दांडकं धरते आणि तिला वार्ड दिसायला लागतो. खाट, मॉनिटर, औषधांची ट्रॉली, कण्हणारा पेशंट, सगळं. मान वळवली की वार्ड वळतो. दांडक्यानं सुई उचलता येते, नाडी बघता येते. पेशंटचा श्वास अडकला तर घड्याळ चालू होतं आणि पोरीनं काय केलं, कितव्या सेकंदाला केलं, याची नोंद मशीन ठेवतं. आपल्याला मात्र बाहेरून दिसतं ते एवढंच, की चांगली शिकलीसवरली पोरगी एकटीच हवेत हात मारून राहिली आहे. एक केरळची मुलगी तर वार्डातल्या स्टुलावर बसायला गेली. ते स्टूल तिच्याशिवाय कुणाला दिसतच नव्हतं. मी धावले, पण वेळेवर पोचले नाही.

पोरी त्याला चश्मा म्हणत, मग मीही म्हणू लागले. आमच्या वेळच्या बायांना मशीनचा राग येतो, मला नाही आला. आम्ही इंजेक्शन शिकलो ते संत्र्यावर. भंडाऱ्याकडच्या पोरी आम्ही, संत्र्याला काय तोटा. दहा-बारा संत्री टोचून झाली की सिस्टर ट्यूटर म्हणायच्या, चला वार्डात. म्हणजे पुढच्या सगळ्या चुका जित्या माणसावर. चश्म्यातला पेशंट मेला तर बटण दाबून परत उठतो. ही सोय आम्हाला असती तर, असं माझ्या मनात पहिल्याच दिवशी आलं होतं. का आलं ते पुढं सांगते.

कॉम्प्युटरवर पल्लवी बसायची. आमच्या रिसाली वस्तीतलीच पोरगी. आजोबा आमच्या भंडाऱ्याकडून प्लांटात आलेले, त्यामुळं मराठी घरात ऐकलेली, पण बोलता बोलता गाडी हिंदीवर जायची. "काकू, दोन मिनिट थांबा ना, लोड होऊन राहिलं, फिर देखते हैं." पोरीला चश्म्यात जे दिसतं ते पल्लवीच्या पडद्यावर आम्हालाही दिसायचं. मी बाजूला खुर्ची टाकून बसायची आणि पोरगी चुकली की खेकसायची. खेकसण्याचाच मला पगार होता म्हणा ना.

परीक्षेत एक केस रक्ताची होती. बाहेरच्या माणसाला वाटतं, रक्त चढवणं म्हणजे बाटली टांगणं. तसं नाही. टांगायला एक मिनिट लागतं. त्याआधीचं काम मोठं असतं: ही पिशवी याच माणसाची आहे, याची खात्री करणं. चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर माणूस आपल्या डोळ्यांसमोर कापायला लागतो, पाठ धरतो, लघवी काळी होते आणि मग मूत्रपिंडं बंद पडतात. म्हणून आता पेशंटच्या मनगटावर नावाची पट्टी असते. चश्म्यातली केस अवघड व्हावी म्हणून ती पट्टी मुद्दाम काढून टाकली होती. हात सुजला म्हणून कुणीतरी कापली, असं दाखवलं होतं. पेशंट गुंगीत. उशाशी त्याची बायको उभी, डोक्यावर पदर. नर्सनं फाइल बघायची, बायकोला विचारून ओळख पटवायची, दुसऱ्या नर्सला बोलावून पिशवी तपासायची आणि ठरलेल्या वेळेत रक्त सुरू करायचं. बाकीच्या मुली बायकोला विचारत, "ये रामकुमार हैं ना?" ती मान खाली-वर करायची. हिरवा दिवा लागायचा. पास.

तामेश्वरी तिथंच अडायची.

ही मुलगी अहिवाऱ्याकडची. वडील चुनखडीच्या खदानीत. घरातली पहिली पगाराची नोकरी हिची. बाप गावभर सांगून आला होता, बेटी सिस्टर झाली. हात चांगला, शीर पहिल्या टोचणीत सापडायची, बोलणं कमी. पण रक्ताच्या केसमध्ये ती त्या बाईपुढं नुसती उभी राही. विचारी, "इनका पूरा नाम बताओ." बाई मान हलवी. ही परत विचारी. बाई परत मान हलवी. मग ही फाइल उलटीसुलटी करी, दुसरा नातेवाईक शोधी, ब्लड बँकेला फोन लावी. तोवर वेळ संपायची. पडद्यावर लाल अक्षरं यायची: अनावश्यक विलंब.

दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा माझा पारा चढला. मी खुर्चीतूनच ओरडले, "अगं, मान हलवली ना तिनं? आणखी काय पत्रिका पाहिजे तुला? हो आगे!"

तामेश्वरीनं चश्मा काढला. डोळ्यांभोवती पट्ट्याचे वळ उठले होते. माझ्याकडं न बघता हळूच छत्तीसगढीत म्हणाली, "मूड़ी भर नवाइस, सिस्टर. हव नइ कहिस. मोर दाई घलो बाबू के नाव नइ लेवय." म्हणजे, नुसती मान लववली हो, हो म्हणाली नाही. माझी आईसुद्धा बाबांचं नाव घेत नाही.

पल्लवी टाइप करत राहिली. मी उठून बाहेर व्हरांड्यात आले आणि कठड्याला धरून उभी राहिले. अठ्ठावीस वर्षं मी जे कुणाला बोलले नव्हते, ते या पोरीनं चौकोनात उभं राहून सांगून टाकलं होतं.

तेव्हा मी एका धर्मादाय दवाखान्यात होते. तो कधीच बंद पडला. मेल सर्जिकल वार्ड, मे महिना, दुपारचे तीन. भिलाईचा मे ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको. वार्डात एकच कूलर, तोही खिडकीशी. आमच्याकडं एक चाल होती, ती कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. ऑपरेशन होऊन बरा व्हायला लागलेला पेशंट जास्त गुंगीतल्या पेशंटला कूलरजवळची खाट द्यायचा. नातेवाईक आपसात ठरवत आणि पेशंट उचलून इकडचा तिकडं करत. माणुसकीच होती ती. आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो. पण फाइलीची पाटी खाटेच्या पायथ्याशी अडकवलेली असायची. माणूस हलायचा, पाटी तिथंच राहायची. मनगटावर पट्ट्या तेव्हा नव्हत्या.

खाट चौदा कूलरजवळची. पाटीवर नाव बिसाहू, त्याला रक्त द्यायचं होतं. मी पिशवी घेऊन गेले. खाटेवर माणूस गुंगीत, उशाशी बायको, डोक्यावर पदर. मी पाटी वाचली, पिशवी वाचली आणि विचारलं, "बिसाहू यही है ना?"

बाईनं पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली.

मी रक्त सुरू केलं. तो माणूस बिसाहू नव्हता. त्याचं नाव दुकालू. सकाळीच त्याला तिथं हलवलं होतं, रक्ताची त्याला गरजही नव्हती. मी चुकीचं नाव घेतलं हे त्या बाईला कळलं असणार. पण चूक दुरुस्त करायची तर तिला नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यावं लागलं असतं. आणि समोर पांढऱ्या कपड्यातली सिस्टर कागद वाचून बोलत होती, तिला कागदाचं जास्त कळत असणार. ती गप्प राहिली. पाव पिशवी गेली आणि माणूस कापायला लागला. मी नळी बंद केली, डॉक्टरला बोलावलं, जे करायचं ते सगळं केलं. चौथ्या दिवशी तो गेला.

चौकशी झाली. चौकशी कसली, इन्चार्जच्या खोलीत चार खुर्च्या. डॉक्टर म्हणाले, नातेवाईकाला विचारलं होतं ना? मग तसं लिहून टाका. मी लिहिलं. 'पत्नीने रुग्णाची ओळख पटवली.' अक्षर माझं होतं, सही माझी होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझी वंदना तेव्हा दोन वर्षांची होती आणि नोकरी कच्ची होती, हे मी पुढं स्वतःला खूप वेळा सांगितलं.

ती बाई जाताना मला व्हरांड्यात भेटली. कुणीतरी तिला कागदातलं सांगितलं होतं. तिनं विचारलं, "मोर ले का गलती होगे, सिस्टर?" माझी काय चूक झाली, एवढंच. भांडली नाही, रडली नाही. खरंच विचारत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होता है, बाई." ती मान डोलावून निघून गेली. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. कागदावर ती नुसती 'पत्नी' होती.

आणि सगळ्यात लाज वाटते ती याची, की मी काही परदेशातून आले नव्हते. लग्नाच्या दिवशी उखाण्यात घेतलं ते घेतलं, त्यानंतर मी कधी नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. इथंही बघा, पहिल्यापासून 'वंदनाचे बाबा' लिहीत आले. मला त्या बाईची मान कळायला हवी होती. पण युनिफॉर्म चढवला की मी सिस्टर व्हायची. बायको घरी राहायची.

शुक्रवारी मी लिसी मॅडमकडं गेले. या तिथल्या नर्सिंग सुपरिंटेंडेंट, केरळच्या, भिलाईतच म्हाताऱ्या झालेल्या, शिस्तीला कडक. सह्या आम्हा दोघींच्या लागायच्या. मी म्हणाले, तामेश्वरीला नापास करू नका, चूक मशीनची आहे. त्या म्हणाल्या, "सिस्टर, बाकी चौतीस लड़कियाँ पास हुई हैं. मशीन सबके लिए एक है."

मी म्हणाले, "मॅडम, मेरे हस्बैंड का नाम पूछिए."

"क्यों?"

"पूछिए तो."

त्यांनी नाकावरच्या चश्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं. मी ठरवून गेले होते, की सांगायचंच नाही. पण खरं सांगते, ठरवायची गरजच पडली नाही. जीभ टाळूला चिकटली. तोंडातून निघालं, "वो... रेलमिलवाले... वंदना के पापा." शिकलेली बाई मी, हाताखालून किती बॅचेस गेल्या, आणि कान तापले माझे. लिसी मॅडम हसल्या नाहीत.

"अब सोचिए," मी म्हणाले, "आपने गलत नाम बोला, और वो औरत मेरे जैसी है."

मग मी दुकालूचं सगळं सांगितलं. कूलर, पाटी, पिशवी, आणि ती ओळ मी लिहिली तेही. हिंदीत सुरू केलं, मध्येच मराठी झालं, त्यांनी थांबवलं नाही. संपल्यावर त्या म्हणाल्या, "इतने साल रखा आपने." मला वाटलं होतं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आता ते दोघींना माहीत होतं, एवढंच.

शनिवारची परीक्षा त्यांनी थांबवली. तामेश्वरीला बोलावून विचारलं, की तू वार्डात असतीस तर काय केलं असतंस. पोरगी घाबरली होती, ओढणीचं टोक पिळत होती. पण उत्तर तयार होतं. म्हणाली, नाव विचारायचंच नाही. विचारायचं, काकर ददा ए? हा कुणाचा बाप? कुठल्या गावचा? बाई लेकराचं नाव खुशाल घेते, गावाचं घेते. आणि फाइलीत ते आधीच लिहून ठेवायचं, पेशंट भरती करतानाच. आणि काहीच जुळलं नाही तर पिशवी टांगायची नाही, वेळ गेला तर जाऊ द्यायचा.

लिसी मॅडमनी त्याच दिवशी भरतीच्या कागदावर एक रकाना वाढवला. तामेश्वरी कायम झाली. बाप मिठाई घेऊन अहिवाऱ्याहून आला आणि सगळ्यांना वाकून नमस्कार करत सुटला, स्वीपरलासुद्धा.

चश्म्याची केस बदलायला महिना लागला. कंपनीच्या लोकांना फोनवर समजावता समजावता पल्लवीचा घसा बसला. "काकू, ते म्हणून राहिले, औरत बोलेगी नहीं तो नर्स को पता कैसे चलेगा?" मी म्हटलं, तेच तर शिकवायचं आहे त्यांना. शेवटी झालं. मी सांगितला तसा वार्ड त्यांनी केला. खिडकीशी कूलर. खाट चौदा. पायथ्याशी पाटी. उशाशी बाई. बाईचा आवाज तामेश्वरीच्या आईचा घेतला. ती बिचारी माइकपुढं पदर सावरून बसली होती.

तोवर मी स्वतः चश्मा कधी लावला नव्हता. म्हणायची, मला चक्कर येते. त्या दिवशी पल्लवी म्हणाली, "काकू, पहिल्यांदा तुम्हीच बघा ना." तामेश्वरीनं माझ्या डोक्यामागं पट्टा आवळला.

वार्ड दिसायला लागला. कूलरचा आवाज येत होता. मी पिशवी उचलली, पाटी वाचली, खाटेजवळ गेले. गुंगीतला माणूस होता. उशाशी ती होती. चेहरा नीट केलेला नव्हता, पदराच्या खाली सावली होती नुसती. मी विचारलं, "बाई, ये किसके बाबू हैं?"

"पुनिया के ददा ए," ती म्हणाली. "मुरमुंदा ले आय हन."

फाइलीत लेकराचं नाव दुसरंच होतं, गावही दुसरं होतं. मी पिशवी ट्रॉलीवर परत ठेवली. एवढं सोपं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. आता दुसऱ्या नर्सला हाक मारायची, पेशंट बदलल्याचं कळवायचं, की केस संपली. घड्याळ चालू होतं. पल्लवी कानात म्हणाली, "काकू, नेक्स्ट स्टेप."

मी त्या बाईपुढंच उभी होते. माझ्या हातून दांडकं खाली गेलं. मी म्हणाले, "बाई, तोर कोनो गलती नइ रिहिस. मीच वाचलं चुकीचं. मीच लिहिलं. तुझी काही चूक नव्हती." परत म्हणाले. मशीनमधल्या बाईला असं कुणी बोलेल हे त्यात टाकलेलं नव्हतं, त्यामुळं ती काहीच बोलली नाही. पदर सावरून, मान खाली घालून तशीच उभी राहिली.

मग लाल अक्षरं आली. अनावश्यक विलंब.

तामेश्वरीनं पट्टा सोडवला. चश्म्याची काच आतून ओली झाली होती, ती तिनं ओढणीनं पुसली. पल्लवीनं विचारलं, "काकू, नापास दाखवून राहिलं. डिलीट करके फिर से लगाऊँ?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे माझ्या नावावर."